बुद्रुक

चाकणचा चौक ओलांडून नाशिकच्या दिशेने जाताना मालवाहू गाड्यांच्या रांगेत जो अर्धा-पाऊण तास सक्तीने काढावा लागतो, त्या अवधीत वाचण्यासाठी रस्त्याकडेच्या फलकांखेरीज दुसरे साहित्य नसल्यामुळे, एरवी ज्यांच्याकडे आपण ढुंकूनही पाहिले नसते अशी अक्षरे डोळ्यांत भरू लागतात. तेथेच ‘वाकी बु॥’ आणि ‘वाकी खु॥’ अशी दोन नावे भेटतात. कोण्या रंगाऱ्याने त्या दोन उभ्या दंडांना आकडा समजून ‘बु. ११’ असे रंगवलेलेही मी एकदा पाहिले आहे, आणि या नावाची आणखी दहा गावे कोठे असतील असा विचार मनात येऊन क्षणभर करमणूक झाली आहे. परप्रांतातून नुकताच कारखान्यात रुजू झालेला एक तरुण अभियंता त्या दिवशी माझ्या शेजारी बसला होता. त्याने ‘बु’ म्हणजे काय असे विचारले, तेव्हा त्याच पंचक्रोशीत जन्मलेल्या आमच्या गाडीवानाने मागे न पाहता उत्तर दिले, “बु म्हणजे बुद्रुक, साहेब.” आणि बुद्रुक म्हणजे? “बुद्रुक म्हणजे बुद्रुक. खुर्द नव्हे ते.”

या व्याख्येत दोष काढणे कोशकारालाही अवघड जाईल. बुद्रुक या शब्दाला आज मराठीत जेवढा अर्थ शिल्लक आहे तेवढा सगळा तिच्यात आला आहे. आपण कोणी ‘बुद्रुक वाडा’ म्हणत नाही, ‘बुद्रुक मनुष्य’ म्हणत नाही. ओवीत तो नाही, म्हणीत नाही, भांडणातही नाही. बोलीतून तो कधीचा नाहीसा झाला. किंबहुना बोलीत तो खऱ्या अर्थाने कधी नांदला असेल की नाही, याचीच मला शंका आहे. आणि तरीही सातबाऱ्यावर, शिधापत्रिकेवर, मतदारयादीत, लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात आणि एस. टी.च्या पाटीवर तो या महाराष्ट्रात रोज सहस्रावधी वेळा लिहिला जातो. मेलेल्या शब्दाची एवढी वर्दळ क्वचितच पाहायला मिळते.

इंग्रजी भाषेच्या अभ्यासकांना असल्या शब्दांचा मोठा शौक आहे. त्यांच्या ‘मच’ या शब्दाचेच पाहा. आज त्याचा अर्थ ‘पुष्कळ’ एवढाच उरला आहे, पण एके काळी तो ‘थोर, मोठा’ या अर्थाचे सरळ विशेषण होता. कित्येक शतकांपूर्वी त्याचा हा अर्थ वापरातून गेला, आणि जाताना आपली खूण गावांच्या नावांवर ठेवून गेला. हर्टफर्डशर परगण्यात ‘मच हॅडम’ आणि त्याच्या शेजारी ‘लिटल हॅडम’ आहे. श्रॉपशरात ‘मच वेनलॉक’ आणि ‘लिटल वेनलॉक’ आहे. तेथील शाळकरी पोराला ‘मच’चा हा अर्थ कोणी सांगितला नाही तर कळणार नाही, कारण तो शब्द त्याच्या तोंडात दिवसातून शंभर वेळा येतो तो दुसऱ्याच कामासाठी. लंडनच्या दक्षिणेस जे मिचम म्हणून उपनगर आहे, त्याच्या पोटातही हाच जुना ‘मोठा’ दडलेला आहे. शब्द आपल्या घरात मरतो आणि गावच्या वेशीवर जिवंत राहतो, हा प्रकार येथून तेथून सारखाच.

आमचा बुद्रुक मुळातला फारसी ‘बुज़ुर्ग’. त्याचा अर्थ थोर, मोठा, वडीलधारा. खुर्द हाही फारसीच. त्याचा अर्थ लहान, धाकटा. पंजाब-हरियाणाकडे खुर्दाच्या जोडीला ‘कलाँ’ हा दुसरा फारसी शब्द बसला आणि आपल्याकडे बुजुर्ग बसला. बुजुर्ग या शब्दात वयाने वडील आणि आकाराने मोठा हे दोन्ही भाव एकत्र नांदतात, आणि म्हणूनच ‘बुद्रुक म्हणजे आधी वसलेले की विस्ताराने मोठे’ असा जो वाद गावोगावी मोठ्या हिरीरीने घातला जातो, तो मला निष्फळ वाटतो. आपल्या ‘थोरला’ या शब्दातही हीच संदिग्धता आहे. थोरला भाऊ वयाने थोरला असतो आणि थोरला वाडा आकाराने, पण त्यामुळे कोणाची अडचण झाल्याचे ऐकिवात नाही. बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे, एवढे म्हटले की हिशेब चुकता होतो.

या दोन शब्दांची इतर नातलग मंडळी मात्र मराठीत सुखाने नांदत आहेत आणि त्यांना आपले गावाकडचे भाऊबंद ओळखू येत नाहीत. रुपयाचा खुर्दा करून आणणाऱ्याला आपण खुर्द गावाचाच शब्द वापरतो आहोत हे ठाऊक नसते. दूरचे दाखवणारी ती दुर्बीण या नावाला आपण सरावलो आहोत. तिची धाकटी बहीण खुर्दबीन, म्हणजे सूक्ष्मदर्शक, उर्दूच्या घरी राहिली. बुजुर्गाची कथा त्याहून विलक्षण आहे. एकच शब्द मराठीत दोनदा आला: एकदा दप्तराच्या मागच्या दाराने, तेव्हा तो झिजून बुद्रुक झाला, आणि नंतर हिंदी-उर्दूच्या संगतीने राजरस्त्याने, तेव्हा तो ‘बुजुर्ग’ या स्वच्छ रूपात राहिला. ‘बुद्रुक गावातील बुजुर्ग मंडळी’ असे जेव्हा वार्ताहर लिहितो, तेव्हा एकाच शब्दाचे दोन जन्म एका वाक्यात शेजारी बसलेले असतात आणि एकमेकांना नमस्कारही करत नाहीत.

बुजुर्गाचा बुद्रुक कसा झाला हे पाहणे उद्बोधक आहे. फारसीतील ‘ज़’ हा ध्वनी मराठी जिभेला परका. तो तिने कधी ‘ज’ करून घेतला आणि कधी ‘द’. कागज़चा आपण कागद केला. अर्ज गुजरण्याऐवजी गुदरला. नजर पुष्कळ ठिकाणी नदर झाली. त्याच न्यायाने बुज़ुर्गातील ज़ दकारात गेला. शेवटचे जोडाक्षर उच्चारायला जड, म्हणून रकार एक पाऊल पुढे सरकला आणि मागे राहिलेला गकार शब्दाच्या टोकाला कठोर होऊन ककार झाला. कोठे बुदरुख, कोठे बुद्रुख, कोठे बुद्रुक अशी याची रूपे आढळतात. हा प्रवास ज्याने केला तो मनुष्य फारसी शिकलेला नव्हता, हे या एका शब्दावरून सिद्ध होते. फारसी लिपी ज्याच्या डोळ्यांपुढे होती त्याच्या हातून ज़चा द झाला नसता. कानाने ऐकून मोडीत उतरवणाऱ्याच्या हातून तो झाला.

पण उच्चारापेक्षाही मला या नावांचे व्याकरण अधिक बोलके वाटते. मराठीत विशेषण नामाच्या आधी येते: थोरली वाकी, धाकटी चऱ्होली. ‘वाकी थोरली’ असे आपण कवितेत म्हणू, व्यवहारात म्हणणार नाही. बुद्रुक मात्र नामाच्या मागून येतो, कारण फारसीत विशेषणाची जागा तीच आहे. मधला इ-कार, ज्याला इज़ाफत म्हणतात, तेवढा गळून पडला. शिवाय आपली विशेषणे लिंगाप्रमाणे रूप पालटतात. वाकी थोरली, गाव थोरले, वाडा थोरला. बुद्रुकाला ही उठाठेव नाही. वाकी बुद्रुक, वडगाव बुद्रुक, सगळ्यांस एकच. कारकुनाच्या दृष्टीने ही केवढी सोय! इंग्लंडातही नेमके हेच घडलेले दिसते. लोकांच्या भाषेतला ‘मच’ नावाच्या आधी बसला, पण ज्या गावांचे नामकरण लॅटिन लिहिणाऱ्या कारकुनाने केले तेथे लेस्टरशरातील ‘ॲपलबी मॅग्ना’ आणि ‘ॲपलबी पार्व्हा’ यांसारखी, थोरला-धाकटा या अर्थाचे लॅटिन शब्द नावाच्या मागे लोंबत असलेली नावे तयार झाली. विशेषण पुढे असले तर नाव गावाने ठेवले आणि मागे असले तर दप्तराने ठेवले, असा एक ढोबळ ठोकताळा यावरून बांधता येतो, आणि त्या कसोटीला लावले असता आमचा बुद्रुक हा निखालस दप्तरातून आलेला ठरतो.

हे दप्तर येथे केव्हा आले? आठव्या शतकात ते नव्हते. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातील इ. स. ७५८ च्या ताम्रपटात ‘पुण्य विषय’ या नावाने आपल्या प्रदेशाचा उल्लेख येतो, आणि त्यात दान दिलेल्या गावाच्या व त्याच्या सीमांच्या वर्णनात बोपखेल, कळस, दापोडी, भोसरी ही आजची गावे विद्वानांनी ओळखली आहेत. बाराशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या लेखात गावाची ओळख पटवण्याची रीत निराळी होती: पूर्वेस अमुक गाव, दक्षिणेस नदी, पश्चिमेस तमुक. चतु:सीमा सांगितल्या की गाव निश्चित झाले. नावाला शेपूट जोडण्याची गरज त्या दानलेखकाला भासली नाही, कारण त्याला एक गाव सांगायचे होते. हजारो गावांचा ताळेबंद एका फर्दावर मांडायचा नव्हता.

ती गरज निर्माण झाली सुलतानी अमलात. देवगिरीचे राज्य इ. स. १३१८ मध्ये समूळ बुडाले, १३४७ मध्ये बहमनी सत्ता उभी राहिली, आणि पुढच्या शतकात चाकणचा भुईकोट हे कोकण-मावळावर चाल करून जाणाऱ्या बहमनी फौजांचे ठाणे बनले. पंधराव्या शतकाच्या मध्याला मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन बसरी हा सरदार याच ठाण्यातून सह्याद्रीत शिरला आणि शिर्क्यांच्या व खेळणा किल्ल्याच्या राजाच्या हातून जंगलात मारला गेला. त्या संहारातून वाचलेले परदेशी शिपाई, ज्यांत इराण-इराकातून आलेले अनेक सय्यद होते, परत चाकणला आले. तेव्हा त्यांच्याशी हाडवैर असलेल्या दखनी सरदारांनी सुलतान अलाउद्दीन अहमदशहाचे कान भरले आणि शेवटी विश्वासघाताने त्यांची कत्तल केली, अशी हकीकत इतिहासकार फिरिश्ता देतो. ज्यांच्या घरात बुजुर्ग हा शब्द आजोबांसाठी खरोखर वापरला जात असेल, अशी फारसीभाषी माणसे मोठ्या संख्येने या मातीत आली आणि या मातीतच संपली, ती या प्रसंगी. तथापि गावांची नावे त्यांनी ठेवली नाहीत. तलवार घेऊन आलेल्या मनुष्याला वाकी थोरली की धाकटी याच्याशी कर्तव्य नसते. ते असते लेखणीवाल्याला.

आणि ही लेखणी कोणाच्या हातात होती? फिरिश्ताच सांगतो की विजापूरच्या पहिल्या इब्राहीम आदिलशहाने, ज्याची कारकीर्द १५३४ ते १५५८, मुलकी हिशेब फारसीऐवजी देशभाषेत ठेवण्याची आज्ञा केली आणि ते काम ब्राह्मण कारकुनांकडे गेले. भाषा मराठी झाली, पण परिभाषा फारसीच राहिली. व्याकरण येथले, शब्द तेथले, लिपी मोडी, आणि लिहिणारा गावचा कुळकर्णी. ‘अज रख्तखाने’ने आरंभ व्हावा, ‘कारकुनानि हाल व इस्तकबाल’ आणि ‘देशमुखानि’ यांना उद्देशून ‘बिदानद’ म्हणावे, सुहूर सनाची मिती अरबी अंकशब्दांत घालावी आणि शेवटी ‘मोर्तब सूद’ करून टाकावे, असा त्या कागदांचा थाट असे. आणि त्या फारसी तोरणाखाली मजकूर असे तो एखाद्या पाटलाच्या बांधावरच्या तंट्याचा. याच कारकुनाच्या हातून बुजुर्गाचा बुद्रुक झाला.

त्याला या शब्दाची निकड का पडली हे समजण्यासाठी पिंपरी-चिंचवडच्या परिसरातील नावांकडेच पाहावे. आमच्या पूर्वजांनी गावे वसवली तेव्हा समोर जे झाड दिसले त्याचे नाव गावाला दिले, आणि दुर्दैवाने सगळ्यांना तीच पाच-सात झाडे दिसली. पिंपरी झाली, पिंपळे झाले, चिंचवड झाले; चिंचोली, वडगाव आणि पिंपळगाव यांना तर गणतीच नाही. अशा स्थितीत हुजुरातून ‘मौजे वडगाव येथील वसूल रुजू करणे’ असा हुकूम सुटला तर तो नेमका कोणत्या वडगावला पोहोचावा? म्हणून नावाला काहीतरी लावणे भाग पडले. कोठे वतनदाराचे आडनाव लागले: पिंपरी वाघेरे, महाळुंगे इंगळे, तळेगाव दाभाडे. पिंपळे हे नाव तीन गावांना असल्यामुळे एक गुरव, एक निलख आणि एक सौदागर झाले. चिंचवडच्या मोरया गोसाव्यांच्या वंशातील देव घराण्याला निरनिराळ्या सत्तांनी जी इनामे दिली, तशा इनामांच्या सनदांत गावाचे नाव, तर्फ आणि परगणा यांत लेशमात्र संदेह राहिला तर पुढच्या पिढ्यांच्या कज्जांना ऊत येत असे. लॉरेन्स प्रेस्टन यांनी चिंचवडच्या देवांवर १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात इनाम आणि सत्ता यांचा हा दीर्घ व्यवहार साक्षेपाने मांडला आहे.

जेथे एका गावातून दुसरे गाव निघाले तेथे मात्र आडनाव पुरे पडेना. नदीपलीकडच्या शेतांवर जाऊन-येऊन करण्यापेक्षा तेथेच घरे बांधून राहावे असे काही कुळांना वाटते. पलीकडच्या काठावर नवी पांढरी, म्हणजे गावठाण, वसते. प्रथम ती थोरल्या गावची वाडी किंवा मजरा म्हणून गणली जाते. मग तिला स्वतंत्र पाटील मिळतो, स्वतंत्र शीव आखली जाते, काळीची, म्हणजे शेतजमिनीची, वाटणी होते आणि जमाबंदीच्या कागदावर तिच्यासाठी निराळी ओळ पडते. ही ओळ पडली की त्या क्षणी थोरले गाव बुद्रुक होते. हा मुद्दा ध्यानात घेण्याजोगा आहे: कोणतेही गाव जन्मत: बुद्रुक नसते. त्याला धाकटे भावंड झाल्यावाचून ते थोरले होत नाही, आणि ते भावंड वेगळे निघाल्यावाचून दप्तराला त्याची दखल घ्यावी लागत नाही. एकत्र कुटुंब मोडल्याची नोंद म्हणजेच बुद्रुक आणि खुर्द.

कारकून मितव्ययी असतो. राजमान्य राजश्रीचे जसे त्याने ‘रा॥ रा॥’ केले, मौजेचे ‘मौ॥’ केले, तर्फेचे ‘त॥’ केले, तसेच बुद्रुकाचे ‘बु॥’ आणि खुर्दाचे ‘खु॥’ करून टाकले. ते दोन दंड म्हणजे ‘येथे शब्द तोडला आहे’ असे सांगणारी मोडी दप्तरातली खूण. बाकी सगळ्या शब्दांवरून ती कधीच पुसली गेली. गावच्या पाटीवर ती राहिली, आणि तिचाच माझ्या त्या रंगाऱ्याने अकरा केला.

आता खरा प्रश्न येतो तो असा की, ‘बिदानद’ गेले, ‘मोर्तब सूद’ गेले, सुहूर सन गेला, मग बुद्रुकच का राहिला? मराठीतून फारसी हटवण्याचे प्रयत्न थोडेथोडके झालेले नाहीत. शिवछत्रपतींनी राज्याभिषेकानंतर रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द योजले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १६२८, १६७७ आणि १७२८ या तीन सालांतील पत्रे घेऊन त्यांतले शब्द मोजले, तेव्हा फारसी शब्दांचे प्रमाण पहिल्यात शेकडा ८५ च्या घरात, दुसऱ्यात ३७ आणि तिसऱ्यात अवघे ६ असे त्यांना आढळले. शंभर वर्षांत भाषेचा हा केवढा कायापालट! विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. माधव जूलियन यांनी तर आधी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश रचून या शब्दांची वंशावळ मांडली आणि पुढे १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून त्यांतल्या पुष्कळांना निरोप देण्याचा आग्रह धरला. पण या थोर पुरुषांपैकी कोणाच्याही तडाख्यात बुद्रुक सापडला नाही.

माझ्या मते याचे कारण असे की, शब्दाचा अर्थ जोवर लोकांना कळतो तोवरच त्याच्या जागी दुसरा बसवता येतो. तारखेचा अर्थ ठाऊक होता म्हणून दिनांक आणता आला. बुद्रुकाचा अर्थ विसरला गेला आणि त्या विस्मृतीनेच त्याला अभय दिले. तो शब्द राहिला नाही, नावाचा अवयव झाला. अलीकडे औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर या मोठ्या शहरांची फारसी-अरबी नावे पालटली, कारण त्यांचे मूळ सर्वांना स्पष्ट दिसत होते. महाराष्ट्रभर पसरलेल्या त्या बुद्रुक-खुर्दांकडे कोणाचेही लक्ष गेले नाही. ज्या चाकणच्या कोटासमोर फिरंगोजी नरसाळ्याने १६६० च्या पावसाळ्यात शाइस्तेखानाच्या अफाट फौजेला जवळजवळ दोन महिने झुंजवले, त्याच चाकणच्या उशाला वाकी बुद्रुक निर्धास्त उभी आहे. शाइस्तेखानाच्या ज्या मुलाने पुढे १६६६ मध्ये चितगाव जिंकले त्याचे नाव बुजुर्ग उमेदखान. त्या नावातला बुजुर्ग आणि वाकीतला बुद्रुक एकच आहे, हे कोणी त्या गावात जाऊन सांगितले तर त्याचे स्वागत कसे होईल हे मी सांगू शकत नाही.

इंग्रजांनी या नावांवर शेवटचा शिक्का मारला. १८३६ पासून इंदापुराकडून सुरू झालेल्या गोल्डस्मिड-विंगेट यांच्या जमीनमोजणीने मुंबई इलाख्याची शेते क्रमांकांत बांधून टाकली आणि गावांच्या याद्या छापील झाल्या. हस्तलिखितात नाव सैल असते, लिहिणाऱ्यागणिक थोडे हलते. छापले की ते गोठते. बु॥चे इंग्रजी अक्षरांत ‘बीके’ झाले आणि खु॥चे ‘केएच’. बेळगावकडे तर ही अक्षरेच बोलीत शिरली आहेत. कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही तेथील जोडी ‘कंग्राळी बीके’, ‘कंग्राळी केएच’ अशी सर्रास ओळखली जाते, जणू काही ती एखाद्या गृहस्थाच्या नावाची आद्याक्षरे आहेत. फारसी शब्दाचे मराठी रूप, त्याचा मोडी संक्षेप, त्या संक्षेपाचे इंग्रजी लिप्यंतर आणि त्याचा पुन्हा मराठी उच्चार, एवढी स्थित्यंतरे सोसून तो शब्द कन्नड मुलखाच्या वेशीवर टिकून आहे.

पुढे या प्रदेशावर निराळेच दप्तर आले. १९५४ मध्ये पिंपरीस पेनिसिलिनच्या सरकारी कारखान्याची स्थापना झाली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि १९७० च्या मार्चमध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी मिळून नवनगरपालिका झाली, तिची १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. चाकणच्या बाजूला गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मोटारींचे कारखाने इतक्या वेगाने उभे राहिले की निघोजे, खालुंब्रे, सावरदरी, भांबोली ही नावे जर्मनीतल्या कचेऱ्यांतही उच्चारली जाऊ लागली. नव्या वसाहतींना नव्या युगाची शेपटे लागली: फेज वन, फेज टू, ब्लॉक, प्लॉट. तथापि कारखान्याच्या भव्य फाटकावरची पितळी पाटी जवळ जाऊन वाचली की तिथे ‘गट नं. अमुक, मौजे महाळुंगे’ अशी अक्षरे असतात. गट हा १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याचा वारस, मौजे हा सुलतानी जमाबंदीचा. ज्या कुळकर्ण्याने हे सर्व लिहायला आरंभ केला त्याचे वतन १९५० च्या कायद्याने खालसा झाले आणि त्याची मोडीही अस्तंगत झाली, परंतु त्याने नावामागे जोडलेले शेपूट महामंडळाच्या भूखंडवाटपातही कापले गेले नाही.

थोरले-धाकटेपणाचे तारतम्य मात्र आता पार विस्कटले आहे. पुण्याच्या दक्षिणेस कोंढवा खुर्द कोणत्याही अर्थाने धाकटे उरलेले नाही. मुठेकाठच्या हिंगण्यांत तर याहून मौज झाली. महर्षी कर्व्यांचा आश्रम जेथे १९०० मध्ये नेण्यात आला ते हिंगणे बुद्रुक पुढे कर्वेनगर म्हणून प्रसिद्धीस आले आणि हिंगणे खुर्द नावापुरते खुर्दच राहिले. थोरल्या भावाने नाव बदलले आणि धाकटा आता कोणाचा धाकटा हे सांगायला कोणी नाही. व्यवहारी मंडळी म्हणतात की, सदनिका विकताना जाहिरातीत बुद्रुक-खुर्द लिहिले तर गिऱ्हाइकाला ते गावंढळ वाटते, म्हणून ते गाळावे. बांधकाम व्यावसायिकांच्या मोठमोठ्या फलकांवरून ते गळूही लागले आहे. मला यात हळहळण्याचे कारण दिसत नाही, पण सदनिकेचे खरेदीखत नोंदवायला गेलेल्या त्याच गिऱ्हाइकाला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत ‘मौजे अमुक बुद्रुक’ अशीच अक्षरे वाचून सही करावी लागते, हे त्याने आधीच ध्यानात ठेवलेले बरे.

वाकीच्या फलकापाशी ज्याने प्रश्न केला होता तो अभियंता पुढे चऱ्होलीला राहायला गेला. तेथल्या जोडीत मात्र कारकुनाचा जुना हिशेब अद्याप जसाच्या तसा शाबूत आहे. चऱ्होली बुद्रुक १९९७ मध्ये आसपासच्या गावांबरोबर पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. चऱ्होली खुर्द बाहेर राहिले. एकाचा सातबारा निघतो हवेली तालुक्यात आणि दुसऱ्याचा खेड तालुक्यात. मध्ये इंद्रायणी आहे.